शेतकऱ्याच्या हाताचा भाव



समजा, एकाच रस्त्यावर, एकाच ट्रकखाली दोन माणसांचे उजवे हात गेले. एक कचेरीतला कारकून, दुसरा दहा एकर कोरडवाहूचा धनी. कारकुनाची नोकरी टिकली, पगार चालू राहिला. शेतकऱ्याची तिफण सुटली, वखर सुटला, फवारणीचा पंप पाठीवर घेणे संपले. नुकसान कुणाचे मोठे, हे सांगायला वकील लागत नाही. पण दावा कोर्टात गेला की कारकुनाकडे पगारपत्रक असते, आपल्याकडे नुसता सातबारा. तिथेच आपण मार खातो.

अपघाताची भरपाई ही कुणाची मेहेरबानी नाही. तो हिशेब आहे. वर्षाचे उत्पन्न गुणिले वयाचा गुणक, आणि त्यातून कमाईची ताकद जितके टक्के गेली तितकी रक्कम. गुणकाचा तक्ता सुप्रीम कोर्टाने २००९ साली पक्का केला. वय ३६ ते ४० असेल तर १५, ४६ ते ५० असेल तर १३, ५६ ते ६० असेल तर ९. दवाखान्याचा खर्च, पुढचे उपचार आणि सोसलेल्या वेदना यांचे पैसे वेगळे.

वय काही बदलत नाही. सारा खेळ उरलेल्या दोन आकड्यांवर. ३८ वर्षांचा शेतकरी धरा. उत्पन्न महिना ८ हजार आणि अपंगत्व ४० टक्के धरले तर होतात ५ लाख ७६ हजार. तोच माणूस, तोच हात. पण उत्पन्न १२ हजार आणि कमाईची ताकद ८० टक्के गेली असे सिद्ध झाले तर होतात १७ लाख २८ हजार. बरोबर तिप्पट!

आता टक्क्यांचे पाहू. डॉक्टरच्या दाखल्यावर असतात ते शरीराचे टक्के, कमाईचे नव्हेत. २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्वच्छ सांगितले आहे. हात तुटलेल्या सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ सगळीच जाऊ शकते, कारकुनाची कदाचित काहीच जाणार नाही. शेतकरी सुताराच्याच रांगेत बसतो. पण तो अपघाताआधी कोणकोणती कामे हाताने करत होता, हे साक्षीत आले पाहिजे आणि डॉक्टरलाही साक्षीला बोलावले पाहिजे. दाखला नुसता जोडून भागत नाही.

उत्पन्नाची गोष्ट याहून अवघड. २००३ साली हरियाणातील एका शेतकऱ्याच्या मृत्यूच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाने म्हटले की जमीन वारसांकडे राहतेच, तेव्हा शेतीचे सगळे उत्पन्न बुडाले असे धरता येत नाही. फार तर देखरेखीला माणूस ठेवावा लागेल. बागायतदार बांधावर उभा राहून देखरेख करत असेलही. कोरडवाहू शेतकरी देखरेख करत नाही, तो स्वतः राबतो. तो पडला की जमीन राहते, पण पडीत.

म्हणून माझे म्हणणे असे, की आपल्या हाताची किंमत त्या वर्षीच्या नफ्यावर मोजू नये. पाऊस गेला तर नफा शून्य. मग काय हातही शून्याचा? त्याच्या जागी सालदार ठेवायचा तर वर्षाला किती द्यावे लागतील, तो आकडा धरा. तो झाला नुसत्या मजुरीचा. काय पेरायचे, उधारी कुणाची घ्यायची, माल कधी विकायचा, ही अक्कल त्याच्यावर.

बायांचे तर विचारूच नका. निंदणही तीच करते, कापूसही तीच वेचते. पोलिसांच्या कागदावर मात्र धंदा ‘घरकाम’! घरकामालाही किंमत आहे हे सुप्रीम कोर्टाने २०२१ साली पुन्हा बजावले. तेव्हा जबाब देताना ‘घरकाम आणि शेतीकाम’ असे दोन्ही लिहून घ्या.

दावा कशाने पडतो, तेही ध्यानात असू द्या. फिर्याद उशिरा दिली, पंचनाम्यात चूक तुमचीच लिहिली गेली, औषधांच्या पावत्या फेकल्या, की रक्कम घटते. ट्रॉलीत माणसे बसवून नेली असतील तर विमा कंपनी हात वर करते. ठाण्याबाहेर हातावर टेकवलेल्या दहा-वीस हजारांसाठी कोऱ्या कागदावर सही करू नका. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. तिच्यावर कोर्टात वाद झाले, तरी शहाण्याने सहा महिन्यांच्या आतच दावा लावावा. आणि वकिलाला रकमेत टक्केवारी कबूल करू नका. तसा सौदा बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही.

या सभेपुढे एकच सूचना ठेवतो. पाडव्याला सालदार ठरतो, तो आजवर तोंडी. यापुढे त्याचा कागद करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. जिनिंगची काटापट्टी, बाजार समितीची हिशेबपट्टी, सोसायटीचा खातेउतारा एका पिशवीत ठेवा. सालदाराला त्याच्या हक्काचा पुरावा मिळेल. आणि देव न करो, पण उद्या गावातल्या कुणावर वेळ आलीच, तर त्याच्या हाताचा भाव विमा कंपनीचा वकील ठरवणार नाही, गावचा कागद ठरवील.