मजकूर इसम हाच काय?

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या एका उपनगरात ९ जानेवारी २०२० रोजी कामावरून घरी परतलेल्या एका कृष्णवर्णीय गृहस्थास पोलिसांनी त्याच्याच अंगणात, पत्नी आणि दोन चिमुरड्या मुलींच्या देखत, बेड्या घातल्या. चौकीवर हजर व्हा, असा निरोप त्याच दिवशी दूरध्वनीवरून आला होता. पण कोणीतरी थट्टा करीत असावे, अशा समजुतीने त्याने तो कानांआड केला होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये शहरातील एका दुकानातून ३,८०० डॉलर किमतीची पाच घड्याळे लांबविल्याचा आरोप त्याच्यावर होता. जबाबाच्या वेळी अंमलदाराने दुकानातील चोराची तसबीर पुढे सरकविली, तेव्हा ती उचलून त्याने आपल्या गालाशी धरली आणि साऱ्या काळ्या माणसांचे चेहरे तुम्हांला एकसारखेच दिसतात काय, असे विचारले. एवढे होऊनही त्याची सुटका तत्काळ झाली नाही. तो कोठडीबाहेर आला तो एकूण सुमारे तीस तासांनी.

ही चूक घडली कशी, हे बारकाईने पाहण्याजोगे आहे. दुकानातील कॅमेऱ्याने टिपलेले धूसर चित्र राज्य पोलिसांच्या संगणकात घातले गेले आणि संगणकाने या गृहस्थाच्या वाहनपरवान्यावरील जुन्या छायाचित्राकडे बोट दाखविले. मग ते छायाचित्र आणखी पाच जणांच्या छायाचित्रांत मिसळून दुकानाच्या सुरक्षेचे काम पाहणाऱ्या एका बाईंपुढे ठेवण्यात आले. या बाईंनी चोरी घडताना पाहिलीच नव्हती. त्यांनीही पाहिले होते ते कॅमेऱ्यातील तेच चित्र. त्यांनी याच छायाचित्रावर बोट ठेवले आणि कागदोपत्री पुरावा दुणावला.

वस्तुतः तो दुणावला नव्हता. लाखो चेहऱ्यांतून चोराशी सर्वाधिक साम्य असलेला चेहरा हुडकणे, हेच ज्या यंत्राचे कार्य, त्याने हुडकलेला चेहरा इतर पाच चेहऱ्यांत ठेवल्यावर पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्यावरच स्थिरावणार, हे उघड आहे. त्या निवडीने साम्य तेवढे सिद्ध होते, इसम सिद्ध होत नाही. आपल्याकडील ओळखपरेडीतही एका संशयितामागे निदान सहा जण, तेही त्याच्यासारख्या अंगलटीचे, उभे करावेत असा मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेचा दंडक आहे. परंतु ज्या काळात संशयित खबरीने, मुद्देमालाने किंवा पायमागाने सापडत असे आणि चेहऱ्याची परीक्षा त्यानंतर होत असे, त्या काळाचा तो दंडक आहे. संशयितच जर चेहऱ्यावरून निवडलेला असेल, तर परेड ही परीक्षा न राहता पुनरुक्ती होते.

सदर गृहस्थाने एप्रिल २०२१ मध्ये फिर्याद गुदरली. अशा दाव्यांचा मुख्य आधार असलेला अमेरिकी कायदा १८७१ चा, म्हणजे कू क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांना आळा घालण्यासाठी केलेला आहे. तथापि त्या कायद्याचा मार्ग निष्कंटक नाही. टेक्सासमधील एका इसमाचे नाव त्याच्या भावाने तोतयेगिरीने वापरले, म्हणून त्या निरपराध्यास १९७२ च्या वर्षअखेरीस अटक होऊन नव्या वर्षाच्या २ जानेवारीपर्यंत तुरुंगात राहावे लागले. दप्तरातील छायाचित्राशी चेहरा ताडून पाहताच तो सुटला, आणि हे ताडून पाहणे पहिल्याच दिवशी अशक्य होते असे नाही. तरीही १९७९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, वारंट वैध असल्यामुळे संविधानाचा भंग झाला नाही. केवळ अपराध्यांनाच अटक होईल, अशी हमी संविधान देत नाही. तर्क निर्दोष असेल. मला तो निर्दय वाटतो, कारण वारंट वैध असते ते त्यातील नावापुरते आणि कोठडीत जातो तो देह.

म्हणूनच जून २०२४ मध्ये डेट्रॉइट शहराने वर सांगितलेल्या गृहस्थाशी केलेल्या तडजोडीत मला ३ लाख डॉलरांच्या भरपाईपेक्षा तिच्यातील अटी मोलाच्या वाटतात. केवळ यंत्राच्या निर्देशावरून अटक करावयाची नाही. त्या निर्देशापाठोपाठ दुसऱ्या स्वतंत्र पुराव्यावाचून छायाचित्रांची ओळखपरेड भरवावयाची नाही. २०१७ पासूनची ज्या प्रकरणांत या यंत्राच्या आधारे अटक झाली ती दप्तरे पुन्हा उघडावयाची. आणि या साऱ्यावर चार वर्षे न्यायालयाचा अंकुश.

आपल्याकडे नुकसानभरपाईची वाट खुली केली ती सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी. निर्दोष ठरल्यावरही चौदा वर्षे बिहारच्या तुरुंगात खितपत पडलेल्या एका बंदिवानास त्यांनी १९८३ मध्ये ३५,००० रुपये देवविले. पुढे डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे अकरा दंडक घालून दिले: अंमलदाराच्या अंगावर नावाची पट्टी असावी, अटकेच्या मेमोवर नातलगाची किंवा मोहल्ल्यातील प्रतिष्ठिताची साक्ष असावी, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, इत्यादी. कोणाला, कोठे, केव्हा धरले, याची नोंद त्या दंडकांनी सक्तीची केली. हवा होता तो माणूस हाच, अशी खातरजमा कोणी आणि कशावरून केली, हे मात्र त्यांतील एकही दंडक विचारीत नाही. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरानुसार ते यंत्राने दाखविलेले चेहऱ्यांचे ८० टक्क्यांवरील साम्य ही जुळणी धरतात, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नव्या ओळखप्रणालीत बोटांच्या ठशांबरोबर चेहरेही साठविले जात आहेत. तेव्हा अटकेच्या मेमोवर आणखी एक रकाना छापण्यास हरकत नसावी: ओळख पटविणाऱ्याचे नाव, पटविण्याचे साधन, आणि त्याखाली सही.