सिस्टर, जरा इकडे या!



शेवगावहून दहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. 'नाव छापू नका, घरात अजून वाद चालू आहे,' असं तिनं अगदी वरच लिहिलंय. म्हणून नाव गुलदस्त्यात. पण पत्र मात्र तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

तिची आजी आठ दिवस दवाखान्यात होती. शाळा सुटली की ही डबा घेऊन जायची आणि तिथल्या सिस्टर काय काय करतात ते बघत बसायची. आजी घरी आली, आणि नातीनं जाहीर करून टाकलं, "मी नर्स होणार!" वडील म्हणाले, "एवढे चांगले मार्क पडतात, मग डॉक्टर का नाही?" आई म्हणाली, "रात्रपाळी असते गं बाई. लोक काय म्हणतील?" दादा तर नुसताच हसला. पत्राच्या शेवटी ती विचारते, "ताई, मला नर्सच व्हावंसं का वाटतं, ते मला धड सांगताच येत नाही. मी घरच्यांना सांगू तरी काय?"

प्रश्न खरा आहे की नाही? चला, आज तिला आपण सगळे मिळून मदत करू.

पहिली गोष्ट म्हणजे, 'का' ते सांगता येत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. हातात दिवा घेऊन सैनिकांची विचारपूस करणारी ती! १८३७ साली, तिला सतरावं वर्ष चालू असताना, देवानं आपल्याला सेवेसाठी हाक मारली असं तिला वाटलं. तिनं तशी नोंदही करून ठेवली. पण गंमत अशी, की सेवा म्हणजे नेमकं काय करायचं, हे काही त्या हाकेत नव्हतं! ते तिचं तिला शोधावं लागलं. घर श्रीमंत. नर्सचं काम तेव्हा फार हलकं समजलं जाई. घरच्यांनी साफ विरोध केला. शेवटी १८५१ साली जर्मनीतल्या कैसर्सव्हेर्थ इथं तिला काही महिने शिकता आलं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. म्हणजे हाक आणि शिक्षण यांच्यात तब्बल चौदा वर्षं गेली.

पुढे १८५४ साली ती ३८ परिचारिकांना घेऊन तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेली. तिथं तिनं नुसती माया नाही केली, बरं का. मोजमाप केलं! परत आल्यावर किती सैनिक कशानं मेले याचे आकडे मांडले, त्यांच्या आकृत्या काढल्या आणि दाखवून दिलं, की जखमांपेक्षा रोगांनीच कितीतरी जास्त माणसं मेली. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावानं नर्सिंगची शाळा सुरू झाली. म्हणजे हाक ऐकणं ही नुसती सुरुवात. त्यानंतर शिकावं लागतं.

आता आपल्या मैत्रिणीनं त्या दवाखान्यात नेमकं काय पाहिलं असेल?

सिस्टर आल्या, थर्मामीटर लावला, नाडी मोजली, श्वास मोजले आणि कागदावर लिहिलं. आपल्याला वाटतं, झालं! पण त्याच कागदावरून डॉक्टरांना कळतं, की ताप चढतोय की उतरतोय. औषध देताना सिस्टर मनात पाच गोष्टी तपासतात. पेशंट तोच ना? औषध तेच ना? मात्रा बरोबर ना? तोंडानं द्यायचं की सुईनं? आणि वेळ झाली ना? पाचांतली एक जरी चुकली तरी अनर्थ. म्हणून शंभराव्या वेळीसुद्धा तेवढंच लक्ष द्यायचं. ज्या पेशंटला हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाळी संपली की दुसऱ्या सिस्टरांना प्रत्येक पेशंटची हकिगत सांगायची आणि मगच घरी जायचं.

आणि या सगळ्यात एक हाक सारखी चालू असते. "सिस्टर, जरा इकडे या!" कुणाला पाणी हवं असतं, कुणाचं सलाईन संपलेलं असतं. कुणाला काहीच नको असतं, नुसती भीती वाटत असते. मला वाटतं, आपल्या मैत्रिणीला ऐकू आली ती हीच हाक. ती आकाशातून आलेली नाही, शेजारच्या खाटेवरून आलेली आहे. हाक सगळ्यांनाच ऐकू येते. पण काहींचे पाय आपोआप तिकडे वळतात. एवढाच काय तो फरक!

तर मग बाबांचा प्रश्न. डॉक्टर का नाही?

बाबा, डॉक्टर होणं मोठंच आहे. पण डॉक्टर होता आलं नाही म्हणून नर्स, असं हे गणित नाही. डॉक्टर रोग ओळखतात, उपचार ठरवतात, काही वेळ थांबतात आणि पुढच्या पेशंटकडे जातात. नर्स पाळीभर तिथंच असते. पेशंटचा रंग बदलला, श्वास बदलला, तो एकदम गप्प झाला, हे बहुतेक वेळा आधी तिच्याच लक्षात येतं. दोन्ही कामं वेगळी आहेत आणि दोन्हींना डोकं लागतं. आपल्या लेकीला आजारापेक्षा आजारी माणसाजवळ थांबावंसं वाटतंय. ते कमी नाही!

आता आईचा प्रश्न. रात्रपाळी. एका रात्रीची गोष्ट सांगते.

२६ नोव्हेंबर २००८. मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला ती रात्र. कामा रुग्णालयात अंजली कुलथे या परिचारिका रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात २० गरोदर स्त्रिया होत्या. दोन दहशतवादी रुग्णालयाच्या आवारात शिरले. त्यांनी पहारेकऱ्यांना गोळ्या घातल्या. कुलथे यांच्यासोबतची एक कर्मचारी गोळी लागून जखमी झाली. अशा वेळी काय करायचं? त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले, वीसही जणींना टोकाच्या लहानशा पँट्रीत नेलं आणि जखमी सहकारी बाईंना उपचारांसाठी पोचवलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या! बाहेर गोळीबार चालू, आणि या तिला भिंतीच्या कडेकडेनं प्रसूतिकक्षात घेऊन गेल्या. बाळ सुखरूप जन्मलं.

पुढे खटल्यात त्यांनी कसाबला ओळखलं आणि साक्ष दिली. साक्षीला जाताना त्यांनी अंगावर नर्सचा गणवेश घातला होता. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोरही त्यांनी त्या रात्रीची हकिगत सांगितली.

त्यांना भीती वाटली नसेल का? त्या जागी कुणालाही वाटेल. पण वीस जणी आपल्या भरवशावर आहेत, हे समोर दिसत होतं. हाकेचा हाही एक अर्थ आहे.

ही गोष्ट ऐकून आईची काळजी वाढली असेल, हे कळतं मला. अशी रात्र क्वचितच येते. नेहमीची रात्रपाळी म्हणजे झोपलेला वॉर्ड, मंद दिवा आणि मधूनच येणारी एखादी हाक. पण आईचं एक म्हणणं अगदी बरोबर आहे. रात्री काम करणाऱ्यांना सुरक्षित जागा, घरी जायची नीट सोय, पुरेशी झोप आणि योग्य पगार मिळालाच पाहिजे. 'सेवा आहे ना, मग पैसे कशाला मागता?' असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. ज्याला काम मनापासून आवडतं, त्यालाही भूक लागतेच!

'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तर फारच जुना आहे. रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि पुढे तिथल्या स्त्रिया ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवाही होत्या. तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच. त्या बायका शिकल्या, कमावत्या झाल्या. नाकं मुरडणाऱ्यांच्या घरी आजारपण आलं, तेव्हा त्याच उपयोगी पडल्या असतील, नाही का?

आणि दादा, तुलाही सांगते. हसू नकोस. मुलगेही हे शिक्षण घेतात. दवाखान्यात त्यांना 'ब्रदर' म्हणतात.

शेवगावच्या मुलामुलींना तर हे काम पाहायला लांब जायलाच नको. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाई तुमच्या ओळखीच्या असतील. सपाटीच्या भागात साधारण पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असतं. लसीकरणाच्या दिवशी त्यांच्याजवळ एक डबा असतो, तो बघा. त्यात बर्फाच्या पिशव्या असतात, कारण लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात जपावी लागते. शेवगाव-पाथर्डी भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. तान्ह्या बाळाला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना डोस द्यायचे असतात. मधेच आई कारखान्यावर गेली तर? म्हणून बाळाच्या कार्डावर नर्सबाई प्रत्येक डोस तारखेनिशी लिहितात. ते कार्ड जपून नेलं, की दुसऱ्या जिल्ह्यातल्या नर्सबाईंना कळतं, पुढचा डोस कुठला. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. त्यामागे वाडीवस्तीवर पायपीट करणारे हेच पाय होते.

करोनाची साथ तुमच्यापैकी थोरल्यांना आठवत असेल. २०२० साली नगरच्या बूथ हॉस्पिटलमध्ये कितीतरी करोनाच्या रुग्णांवर उपचार झाले. त्या काळात दवाखान्यांत नातेवाइकांना जवळ जाता येत नव्हतं. तेव्हा पेशंटला हाक मारायला नर्सशिवाय होतं तरी कोण?

आता वाट कशी, तेही सांगते. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं आणि बीएससी नर्सिंग चार वर्षांचं. बीएससीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र हवंच, तेव्हा अकरावीला शाखा निवडताना ध्यानात ठेवा. शिक्षण झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक आईबाबांबरोबर बसून नीट वाचा.

पण त्याआधी स्वतःची छोटीशी परीक्षा घेऊन बघा. घरात कुणी आजारी पडलं, की एक वही करा. किती वाजता ताप मोजला, किती होता, किती पेले पाणी प्यायलं, झोप किती लागली, सगळं लिहा. औषध मात्र मोठ्यांनीच द्यायचं हं! आजारी माणूस चिडचिड करेल, तुमच्यावर ओरडेलही. तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल. आणि तरीही चौथ्या दिवशी तुम्ही आपणहून ती वही उघडलीत, 'ताप संध्याकाळीच का चढतो?' असा प्रश्न तुम्हाला पडला, तर घरच्यांना सांगायला तुमच्याकडे उत्तर तयार आहे. सरळ वहीच दाखवा!

आणि नाही जमलं, तरी काही बिघडत नाही. कुणाला पहिल्या दिवशीच कळतं, कुणाला वॉर्डात काम करता करता कळतं. नोकरीसाठी म्हणून आलेल्या कितीजणी पुढे त्याच कामात रमतात.

तुमच्या ओळखीच्या एखाद्या सिस्टर किंवा ब्रदर असतील, तर त्यांना विचारा, "तुम्ही या कामात कशा आलात?" त्यांनी दिलेलं उत्तर मला लिहून पाठवा. वाट बघते.

तुमची,
ताई