एका न्यायाधीशावर अख्खा तालुका

आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' नावाचा एक प्रश्न विचारतात. टीममधल्या किती माणसांना उद्या बसने उडवलं तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल तर तो एक माणूस कितीही हुशार असो, मॅनेजरला झोप लागता कामा नये. मी डहाणूचा. माझ्या तालुक्याचा बस फॅक्टर बावीस वर्षं 'एक' होता, आणि आम्ही सगळे निवांत झोपलो होतो.

त्या एका माणसाचं नाव न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. जन्म १९२७चा, दादा धर्माधिकारींचा मुलगा. १९७२ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश झाले. आणीबाणीत, सरकारने कुणालाही उचलून आत टाकलं तरी त्याला कोर्टाचं दार ठोठावता येतं असं म्हणणाऱ्या मोजक्या न्यायाधीशांत त्यांचं नाव घेतलं जातं. प्रभारी मुख्य न्यायमूर्ती होऊन १९८९ला निवृत्त झाले. बहुतेकांची कारकीर्द इथे संपते. मग सत्कार, प्रस्तावना, लवादाची कामं. यांची आमच्यापुरती इथून पुढे सुरू झाली.

थोडी पार्श्वभूमी, कारण माझ्या वयाच्या डहाणूकरांनाही ती सांगावी लागते. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांना सगळ्या तालुक्यात मिळून ५०० एकर. प्रदूषण करणारे 'लाल' वर्गातले उद्योग बंद. मूळ अधिसूचनेत तालुक्याभोवती २५ किलोमीटरचा पट्टाही राखायचा होता, म्हणजे शेजारची तलासरीही त्यात आली. कागद उत्तम होता. पाळत कुणीच नव्हतं. स्थानिक बागायतदार, कार्यकर्ते आणि बिट्टू सहगल यांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं, तेव्हा १९९६ साली न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण बसलं. अध्यक्ष धर्माधिकारी.

आता त्यांनी केलेली दोनच कामं सांगतो.

पहिलं, आमचं थर्मल. ५०० मेगावॅटचा कोळशाचा प्रकल्प, धुराडं दूरवरून दिसतं. १९९९ला प्राधिकरणाने कंपनीला सांगितलं की धुरातला गंधक काढणारं यंत्र बसवा. कंपनीने वेळ काढला. २००५ला प्राधिकरणाने ३०० कोटींची बँक हमी मागितली. २००७ला यंत्र सुरू झालं. देशातल्या कोळसा प्रकल्पांना गंधकाची मर्यादा घालून देणारा नियम आला तो २०१५च्या डिसेंबरात, आणि २०२५ला बहुसंख्य प्रकल्पांना या यंत्रातून सूटही मिळाली. म्हणजे जे देशाला जमलं नाही ते एका तालुक्याच्या समितीने आठ वर्षं चिकाटी धरून करून दाखवलं.

दुसरं, वाढवण. १९९८ साली एका ऑस्ट्रेलियन कंपनीचा तिथे बंदर बांधायचा बेत होता. प्राधिकरणाने सगळ्यांचं ऐकलं आणि या तालुक्यात असं बंदर बसतच नाही असा निकाल दिला. विषय संपला. प्राधिकरणाचा तो निकाल पंचवीस वर्षं टिकला.

३ जानेवारी २०१९ला धर्माधिकारी गेले. प्राधिकरण बिनडोक्याचं झालं. ते गुंडाळून टाकावं म्हणून केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलेलंच होतं. पुढे नवं प्राधिकरण बसलं आणि ३१ जुलै २०२३ला त्याच प्राधिकरणाने त्याच वाढवणला ना हरकत दिली. एप्रिल २०२४ला उच्च न्यायालयाने विरोधातल्या याचिका फेटाळल्या. जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, ३० ऑगस्टला पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी. खर्च ७६,२२० कोटी. समुद्रात भराव १,४४८ हेक्टर.

मधल्या काळात बदललं काय? समुद्र तोच, अधिसूचना तीच. बदलली व्याख्या. २०२० साली बंदरं ही 'उद्योग' नाहीतच, अशा वर्गात टाकली गेली. उद्योगच नाही म्हटल्यावर 'लाल' वर्गाची बंदी लागते कुठे? आमच्याकडे एखादा ज्युनियर कोड सुधारायच्या ऐवजी फेल होणारी टेस्टच खोडतो तेव्हा त्याला चार लोकांत ओरडा बसतो. इथे त्यालाच धोरण म्हणतात.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. माझा तलासरीचा मामा तेच म्हणतो. "तू मुंबईत एसीत बसून समुद्र वाचव. माझ्या पोराला नोकरी कुठेय ते सांग." मामाचं चूक नाही. मी स्वतः डहाणू लोकलने गेलो तो परत राहायला आलोच नाही. इंजिनियरिंगच्या डिग्रीचं डहाणूत मी काय करणार होतो? प्राधिकरणाने 'नाही' म्हणायचं काम केलं. 'मग काय' याचं उत्तर शोधणं हे सरकारचं काम होतं आणि ते कुणी केलं नाही. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, पण चिकू मानांकनाने टिकत नाही, चार दिवसांत पिकतो.

पण मामाला मी एक विचारतो. थर्मल येऊन तीस वर्षं झाली. आपल्या घरातलं कोण आहे तिथे कायमच्या नोकरीत? मामा विषय बदलतो. बंदरातल्या नोकऱ्यांचा आकडा लाखांत सांगतात. वाढवणच्या मच्छीमाराची होडी आज चालते आहे, तो आकडा त्यात वजा केलेला मला कुठे दिसला नाही.

तरी माझं खरं भांडण सरकारशी नाही. सरकार सरकारसारखंच वागलं. भांडण आपल्याशी आहे. आपण धर्माधिकारींचे फोटो लावले, त्यांना गांधीवादी, ऋषितुल्य म्हटलं आणि आपली सगळी जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकून मोकळे झालो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात निवृत्त न्यायाधीश होता, समुद्रशास्त्र, जलशास्त्र, पर्यावरण अभियांत्रिकी जाणणारे होते. त्या यादीत वाढवणच्या मच्छीमाराची जागा नव्हती, वारली पाड्यातल्या बाईची नव्हती. ती जागा मागायला आपल्याकडे बावीस वर्षं होती. चांगला माणूस खुर्चीत असताना नियम मागायला लाज वाटते. वाईट काळ आला की मागून मिळत नाही.

नेदरलँड्समध्ये २०१९च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच्याच सरकारला कार्बन कमी करण्याचा आदेश कायम केला. त्या खटल्यामागे एक संस्था होती आणि तिच्यासोबत नाव घालून उभे राहिलेले शेकडो सामान्य नागरिक. न्यायाधीश बदलले असते तरी वादी जागेवर होते. आपल्याकडे उलटं झालं. वादी थकले, म्हातारे झाले, आणि आम्ही पोरं लोकलमध्ये रील बघत होतो.

हे आपल्याला नवीन आहे अशातला भाग नाही. १९४५च्या मे महिन्यात याच तलासरीतल्या झरी गावात वारली वेठबिगारीविरुद्ध जमले. गोदावरी परुळेकर आल्या हे खरं, पण वेठ थांबली ती हजारो लोकांनी एकदम कामाला नाही म्हटलं म्हणून. बाई एक होती, 'नाही' हजारोंचं होतं. म्हणून ते टिकलं.

डहाणूचं प्राधिकरण कागदावर अजून आहे. त्याच्या सुनावण्यांच्या तारखा शोधा. आदेश मराठीत मागा. भराव, धूर, पाणी यांचे आकडे माहितीच्या अधिकारात मागवा आणि सगळ्यांना दिसतील असे ठेवा. तेवढी वेबसाइट मी बनवून देतो, फुकट. समितीत गावाची जागा मागा, आणि ती मिळेपर्यंत सुनावणीच्या खोलीत मागच्या बाकावर जाऊन बसा.

धर्माधिकारींची पुण्यतिथी ३ जानेवारीला येते. त्या दिवशी स्टेटस ठेवू नका. एक अर्ज टाका.