दिवा लावायला तेल कोण देणार?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ‘सारथी’च्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी त्यावर, पीएचडी करून ही मुलं काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. गदारोळ झाला, निषेध झाले आणि त्या गलक्यात सवालाचं उत्तर राहूनच गेलं. मी सुप्याचा. सुपे बारामती मतदारसंघात येतं, म्हणजे हा सवाल आमच्याच तेव्हाच्या आमदारांचा. पारावरची माणसंही हेच विचारतात, फक्त साध्या शब्दांत: “एवढं शिकला, पण पोरगं कायम कधी होणार?”

पारावरचा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटत नाही. तो चुकीच्या माणसाला विचारला जातो, एवढंच.

एक उदाहरण घेऊ. प्रथिनं आणि आरएनए एकमेकांना कसे धरतात, याचं अणूंपर्यंतचं चित्र काढणारा पोस्टडॉक. ऐकायला हे सुप्यापासून फार लांबचं वाटतं. पण आमचा भाग जिरायती. दुष्काळात पिकाच्या पेशीतही आरएनएच्या नको तशा गुंतवळी होतात. जिवाणूंमध्ये ‘सीएसपीबी’ नावाचं एक छोटं प्रथिन अशी गुंतवळ सोडवतं. त्याचा जनुक मक्यात घालून मोन्सॅन्टोने दुष्काळ सोसणारं वाण काढलं. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मंजुरी मिळाली. उत्पादनातला फायदा माफकच आहे, आणि जनुकबदल केलेलं बियाणं हवं की नको हा वाद वेगळा. पण दुष्काळाचा एक धागा थेट या विषयात जातो, हे नाकारता येत नाही. सुप्याच्याच तालुक्यात, माळेगावला, पिकांवरच्या अशा ताणांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था २००९ पासून आहे. म्हणजे हा विषय महत्त्वाचा आहे, हे सरकारलाही माहीत आहे.

मग हे काम करणाऱ्याला काय मिळतं? केंद्राच्या दरानुसार पीएचडी झालेल्या रिसर्च असोसिएटची सुरुवात जानेवारी २०२३ पासून महिना ५८,००० रुपये अधिक घरभाडं. त्याआधी ४७,००० होते, तेही २०१९ पासून. चार वर्षं आकडा हलला नाही, कारण फेलोशिपला महागाई भत्ता नसतो. नेमणूक मुदतीची. चार वर्षांच्या पदवीवर सॉफ्टवेअरमध्ये लागलेल्या मला यापेक्षा जास्त पगार आहे, आणि माझ्या कोडवाचून कुणाचं पीक वाळणार नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: विज्ञान ही साधना आहे, पैशाकडे बघू नये. मग वेंकी रामकृष्णन यांचं नाव घेतात. रायबोसोम म्हणजे आरएनए आणि प्रथिनांचं अवाढव्य यंत्र. त्याच्या रचनेसाठी त्यांना २००९ चं नोबेल मिळालं. पण ती गोष्ट पुरती सांगा. येलमध्ये पोस्टडॉक केल्यावर त्यांनी सुमारे ५० विद्यापीठांत अर्ज केले आणि कुणीही घेतलं नाही. पुढे ब्रूकहेवन या सरकारी प्रयोगशाळेने त्यांना १९८३ ते १९९५ अशी बारा वर्षं ठेवून घेतलं. साधना त्यांची होतीच. पण बारा वर्षं चूल पेटती ठेवणारी नोकरी कुणीतरी दिली होती. साधनेचं कौतुक करणारे हा भाग नेमका गाळतात.

दुसरं उत्तर आमच्या धंद्यातून येतं: आता एआय आहे, अल्फाफोल्ड रचना सांगतं, प्रयोगशाळेत घाम कशाला गाळायचा? २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल त्याला मिळालं, हे खरं. पण ते शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँकेवर. १९७१ मध्ये ती सात रचनांवर सुरू झाली, आज तिथे दोन लाखांहून जास्त आहेत. त्या माणसांनी काढल्या. प्रथिन शुद्ध करायचं, आरएनए बनवायचा, बोटांवरच्या विकरांपासून तो जपायचा आणि महिनोन्‌महिने फसल्यावर कधीतरी एक चित्र मिळवायचं. आरएनएच्या रचना त्यात फार कमी आहेत, म्हणून तिथे यंत्राचा अंदाजही डळमळतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

खरा प्रश्न वेगळाच आहे: हे काम कोणाला परवडतं? वयाची तिशी फेलोशिपवर काढायला घरी बागायत लागते. फेलोशिप चार महिने थकली तरी ज्याच्या घरी ऊस उभा आहे, तो थांबतो. जिरायती घरातला पोरगा बहिणीचं लग्न, बापाचं औषध आणि सोसायटीचं कर्ज समोर ठेवून पुण्यातल्या आयटी कंपनीत जातो. मग दुष्काळ ज्याने पाहिला आहे, नेमका तोच दुष्काळाच्या संशोधनातून गळतो. जनाई-शिरसाईचं आवर्तन लांबलं की काय होतं, हे आमच्याकडे कुणाला समजावावं लागत नाही. पीक वाळल्यावर सोडलेल्या पाण्याचा उपयोग नसतो. थकबाकी एकरकमी देणाऱ्या कार्यालयांना मात्र हे कळत नाही.

मागण्या मोठ्या नाहीत. फेलोशिप पगारासारखी ठरल्या तारखेला जमा व्हावी. तिला महागाई भत्ता जोडावा. पोस्टडॉकची नेमणूक किमान चार-पाच वर्षांची असावी. आणि प्रत्येक संशोधन संस्थेत प्राध्यापक नसलेल्या शास्त्रज्ञांसाठी कायम पदं असावीत, कारण हातातलं कसब दर दोन वर्षांनी घरी पाठवून संस्था उभ्या राहत नाहीत.

काय दिवे लावणार, हे विचारायचा हक्क विधिमंडळाला आहे. पण वात आणि तेल देण्याचं कामही त्याचंच आहे. ते केल्यावर त्याने हा सवाल खुशाल पुन्हा विचारावा.