दप्तर हलविताना तारीख हरवू नये

जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. त्या राजवटीचा मराठी कारभार मोडी लिपीत चाले. आज तेथील एखाद्या मराठी घराच्या पेटीत असा कागद निघाला, तर भाषा आपलीच असूनही तो वाचण्यासाठी जाणकार शोधावा लागतो. बँकांच्या संगणकीय दप्तरावरही हीच वेळ येऊ शकते.

आयबीएमने १९८८ साली आणलेली एएस/४०० ही मध्यम क्षमतेच्या संगणकांची मालिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिच्या वंशातील यंत्रे आजही कार्यरत आहेत. नवी प्रणाली आपली फाइल मागील काही आवृत्त्यांना उघडता येईल अशा रूपात जतन करू शकते. जुन्या प्रणालीला मात्र नवे रूप ओळखता येत नाही. त्यामुळे जुन्याला समजेल असे लिहिण्याची जबाबदारी नव्यावरच येते.

प्रोग्रॅमचा मूळ मजकूर ज्यात असतो, ती सोर्स फाइल. या संगणकांवर तिची प्रचलित ओळ ९२ स्थानांची असते: ६ अनुक्रमांकासाठी, ६ बदलाच्या तारखेसाठी आणि ८० मजकुरासाठी. हीच फाइल साध्या मजकुराच्या रूपात दुसऱ्या यंत्रावर पाठविली, की अनुक्रमांक व तारीख बहुधा गळून पडतात. अक्षरांचे संकेतही भिन्न असतात. इंग्रजी ‘ए’चा संकेत येथे १९३, तर घरगुती संगणकावर ६५, जणू एकीकडे मोडी आणि दुसरीकडे बाळबोध. संकेतांचे रूपांतर करता येते. गळालेली तारीख मात्र परत येत नाही.

तारखेला एवढे महत्त्व का? १ एप्रिल २०१० पूर्वी बचत खात्यावरील व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर मोजले जाई. त्या दिवसापासून ते रोजच्या शिलकीवर मोजले जाऊ लागले. समजा, जबलपूरच्या एखाद्या निवृत्त खातेदाराने २००९ मधील व्याजाची फोड मागितली. व्याज किती जमा झाले हे खाते सांगेल. ते कसे मोजले गेले, हे त्या वेळचा प्रोग्रॅमच सांगेल. त्यातील कोणती ओळ केव्हा बदलली याची नोंदच नसेल, तर शाखेतील कर्मचाऱ्यापाशी अंदाजावाचून काय उरेल?

खात्यांतील आकडे नव्या यंत्रावर पोहोचले की स्थलांतर पूर्ण झाले, असे अनेकांना वाटते. हे मत अपुरे आहे. सोर्स फाइल हाही दप्तराचाच भाग आहे. ती तारखांसह न्यावी, पोहोचल्यावर तेथे उघडून वाचावी आणि तिच्यापासून तयार केलेल्या प्रोग्रॅमवर एखाद्या जुन्या खात्याचे व्याज काढून ताडून पाहावे. हे जमेपर्यंत जुने यंत्र मोडीत काढू नये. यात काही दिवस अधिक जातील. पण खातेदाराच्या प्रश्नाला पुढे कधीही पुराव्यानिशी उत्तर देता येईल.