पुरासाठी फिल्टर घेताय? आधी हे वाचा

२०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात चहूकडे पाणी होते. पिण्याजोगे मात्र मिळेना. अशा वेळेसाठी घरात छोटा पोर्टेबल फिल्टर जरूर असावा. पण केवळ त्याच्यावर भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा बऱ्याच फिल्टरची छिद्रे ०.१ ते ०.२ मायक्रॉनची असतात. कॉलरा, टायफॉइडचे जिवाणू त्यांत अडकतात. कावीळ करणारे हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू मात्र सुमारे ०.०३ मायक्रॉनचे, ते आरपार जातात. गरोदरपणात हिपॅटायटिस ई जिवावर बेतू शकतो. म्हणून गाळलेले पाणीही खळखळून एक मिनिट उकळा. इंधन नसेल तर पाकिटावरील प्रमाणात क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. खरेदी करताना ‘हा विषाणू अडवतो का?’ हे विचाराच. आणि पैसे मोजकेच असतील, तर आधी क्लोरीनच्या गोळ्या घ्या, फिल्टर नंतर.