पंधरा दिवसांत बोर्ड होत नाही, साहेब!

मंडळी, विषय जरा तांत्रिक आहे, पण पोटापाण्याचा आहे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तर वाचाच, बाकीच्यांनीही वाचा.

इन्व्हर्टर, वीजमीटर, वॉशिंग मशीन, काहीही उघडलं की आत हिरवा बोर्ड दिसतो, तो पीसीबी. त्याची आखणी ज्या सॉफ्टवेअरवर होते, त्यातल्या वरच्या दर्जाच्या पॅकेजचं एक लायसन्स घ्यायचं तर वर्षाला काही लाख रुपये मोजावे लागतात. भोसरी-चाकणमधल्या चार माणसांच्या वर्कशॉपला हा एका इंजिनिअरचा पगार झाला. एवढे पैसे टाकण्याआधी माणूस वापरून बघणारच ना?

मी या कामात आहे, अशा ट्रायल बऱ्याच मागितल्यात. आधी फॉर्म. कंपनीचं नाव, माणसं किती, खरेदी कधी करणार. जीमेलचा पत्ता चालत नाही. मग फोन, मग 'डेमो', मग परत फोन. किंमत विचारली की उत्तर ठरलेलं, "सर, आधी तुमची रिक्वायरमेंट समजून घेतो." एवढं सगळं झालं की हातात पडतात पंधरा दिवस, फार तर महिना. याला कसली ट्रायल म्हणायचं? हा कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. अर्ध्या तासात पसंती कळवा, स्वभाव लग्नानंतर कळेल!

बोर्डाचं काम कसं चालतं बघा. आधी सर्किट काढायचं. मग प्रत्येक पार्टचं चिन्ह आणि फूटप्रिंट लायब्ररीत बसवायचं. यातच आठवडा जातो. मग लेआउट, चुकांची तपासणी, गर्बर फाइल काढून फॅब्रिकेशनला पाठवणं. चार लेयरचा बोर्ड हातात येईपर्यंत ट्रायल संपलेली असते. आणि सॉफ्टवेअरची खरी परीक्षा त्याच्यापुढे असते. बोर्डात चूक निघते, दुरुस्ती करायची असते, आणि स्वतःच काढलेली फाइल उघडत नाही. ज्यासाठी ट्रायल घेतली, तेच तपासायचं राहून जातं.

मग लोक काय करतात? क्रॅक. उघड बोलत नाही कुणी, पण कॉलेजच्या लॅबपासून वर्कशॉपपर्यंत पेनड्राइव्ह फिरतो. मुलगा चार वर्षं चोरीच्या कॉपीवर शिकतो, नोकरीला लागल्यावर तीच कॉपी ऑफिसच्या मशीनवर टाकतो, आणि एक दिवस मालकाच्या हातात वकिलाची नोटीस पडते. ही सॉफ्टवेअर्स इंटरनेटवरून घरी निरोप धाडतात, हे त्या पोराला कुणी सांगितलेलंच नसतं. चोरी ती चोरीच, तिची बाजू घेत नाही. पण पुढचं दार इतकं अरुंद ठेवायचं आणि मागच्या दाराने लोक शिरले की बोंब मारायची, हे काही खरं नाही.

विक्रेते म्हणतील, लांब ट्रायल दिली तर लोक फुकटात काम उरकून पसार होतील. भीती खरी आहे, पण त्यावर तोडगा केव्हाच निघालाय. ईगल नावाचं सॉफ्टवेअर आठवतंय? त्याच्या फुकट आवृत्तीत दोन लेयर आणि ८० चौरस सेंटिमीटरचा बोर्ड, अशी मर्यादा होती. दिवस मोजायची भानगड नाही. शिका, चुका, परत करा. धंदा वाढला की पैसे भरा. २०१६ मध्ये ऑटोडेस्कने ते विकत घेतलं, आणि पुढे ७ जून २०२६ ही ईगलची शेवटची तारीख जाहीर केली. कुणाच्या तरी मालकीच्या दुकानावर सगळा संसार मांडला की असं होतं.

म्हणून कॉलेजांना माझं सांगणं आहे, कायकॅड शिकवा. १९९२ मध्ये ग्रेनोबलच्या एका प्राध्यापकाने सुरू केलेलं, २०१३ पासून सर्नच्या शास्त्रज्ञांनी हातभार लावलेलं, पूर्ण मोफत आणि खुलं सॉफ्टवेअर. आपल्या आयआयटी मुंबईचं ईसिमही त्याच्याच आधारावर उभं आहे. ट्रायलची भानगडच नाही. चोरून महागडं शिकवण्यापेक्षा उजळ माथ्याने हे शिकवा.

पण कायकॅडने सगळं भागत नाही, हेही मान्य करू. मोठा ग्राहक त्याच्याच सॉफ्टवेअरमधली फाइल मागतो, तिथे छोट्या माणसाला महागडं घ्यावंच लागतं. तिथे सरकार कुठे आहे? मार्च २०२५ मध्ये केंद्राने इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली, त्यात मल्टिलेयर पीसीबीचं उत्पादनही आहे. चिप डिझाइनसाठी तर बेंगळुरूच्या सी-डॅकमधल्या केंद्रातून महागडी सॉफ्टवेअर्स कॉलेजांपर्यंत पोचवली जातात. चांगलंच आहे. मग बोर्ड डिझाइन करणाऱ्या वर्कशॉपसाठी एमआयडीसीत असं एक सामायिक केंद्र का नको? बोर्ड इथे छापायचा आणि डिझाइन बाहेरून आणायचं, याला कसलं स्वावलंबन म्हणायचं?

मागण्या साध्या आहेत. विक्रेत्यांनी किंमत उघड लावावी. ट्रायल निदान नव्वद दिवसांची द्यावी, नाहीतर बोर्डाच्या आकाराची मर्यादा घालून बिनमुदत द्यावी. मुदत संपली तरी आपली फाइल निदान बघता यावी. आणि आपल्या उद्योजक संघटनांनी दरवर्षीच्या स्नेहसंमेलनातून वेळ काढून लायसन्ससाठी एकत्र बोलणी करावीत. एकट्याला विक्रेता उभं करत नाही, पन्नास जणांना चहा पाजतो.

तुमच्या संघटनेत हा विषय कधी निघालाय का? कमेंटमध्ये लिहा. आणि निघाला नसेल तर पुढच्या मीटिंगला तुम्हीच काढा.